पेंढी, ती दुधाची गाठ नव्हती

पेंढी, तू गेल्यापासून गाव माझी समजूत घालायला येतंय आणि मला त्याचाच राग येतोय. कोणी दारात उभं राहून हळहळतं, कोणी उंबऱ्यावर टेकून चहा पितं, आणि फिरून फिरून सगळे एकच बोलतात, "नर्सबाय, तुमी काय कमी केलंत तिच्यासाठी? मानसाचं कोन करत नाय एवढं." मी मान डोलावते. कप विसळून पालथा घालते. मग दार लोटून घेते आणि तुझं गोणपाट असायचं त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसते, कारण तिकडे तोंड करून हे कौतुक मला पचत नाही.

म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायची सवय ती दवाखान्याच्या वहीत. आईचं नाव, वाडी, मुलगा की मुलगी, सुखरूप की नाही. मनातलं लिहायला त्या वहीत रकाना नसतो. तुला वाचता येत नाही हे एका परीने बरंच आहे, मला मध्येच थांबवायला कोणी नाही. तुझ्या आजाराबद्दल मी गावाला जे सांगितलं ते खरं नाही. खरं काय ते तुला सांगायचं राहिलं, आणि तुझ्याशिवाय ते सांगण्याचा हक्काचा माणूस मला या मुलखात नाही.

तू माझ्याकडे आलीस ती आटगावला. मी स्टेशनावर औषधांची पेटी सोडवून घ्यायला गेले होते. शेजारच्या वखारीत गवताच्या गासड्या बांधायचं काम चाललं होतं. दोन गडी लाकडी खोक्यात उभे राहून गवत तुडवत होते, दोघे दांडा फिरवून ते दाबत होते, आणि बाया गंजी फोडून भारे आणून ओतत होत्या. खोक्यातून चीं असा आवाज आला. "उंदीर आसंल," म्हणत गड्याने दांडा फिरवायला घेतला. मी अशी ओरडले की स्टेशनातला पोर्टर धावत आला. गवत उपसलं तेव्हा तीन पिल्लं निघाली. दोन गेलेली होती. तिसरी तू, डोळेसुद्धा न उघडलेली, शेपूट फळीत सापडून चेंगरलेलं. तुझी आई गंजी फोडतानाच पळून गेली होती. तुझा रंग त्या गवताचाच होता, म्हणून नाव शोधत बसावं लागलं नाही.

तिथेच पेटी उघडून मी नाळ कापायच्या कात्रीने तुझं चेंगरलेलं शेपूट कापलं आणि नाळ बांधायच्या दोऱ्याने बांधलं. गडी हसत होते. "कुत्रीचं बाळातपन करते बाई," म्हणाले. करते तर करते. शेळीच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून मी तुझ्या तोंडात पिळला आणि तू तो बोळाच गिळायला निघालीस. पहिल्या दिवसापासून हावरट.

लोकांना वाटतं मी दया आली म्हणून तुला आणलं. आलीच होती दया. पण तुला ठेवून घेतलं त्याला आणखी एक कारण होतं आणि ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही.

तू यायच्या आदल्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, मी ठाकूरवाडीहून एक बाळंतपण उरकून एकटी परत येत होते. दिवस अजून मावळायचा होता. खिंडीत वाट दोन कातळांमधून जाते ना, तिथे एक माणूस उभा होता. या भागातला नव्हता. मी बाजूने जाऊ लागले तर त्याने माझी पिशवी धरली. मी ओढली, त्याने सोडली नाही. मग हसला आणि सोडली. नदीपर्यंत माझ्या मागून चार हात अंतर ठेवून चालत आला आणि तिथून वळून गेला. एवढंच झालं. पोलीस पाटलाकडे जाऊन सांगावं असं त्यात काही नव्हतं, आणि सांगितलं असतं तर पहिला प्रश्न मलाच आला असता की तुम्ही एकट्या कशाला गेलात.

त्यानंतर मी त्या वाटेला एकटी गेले नाही. बोलवायला आलेला माणूस जाताना बरोबर असायचा. येताना मी काहीतरी काढायची, पिशवी जड आहे, उद्या औषध न्यायला कुणीतरी यायचंच आहे तर आताच चला. भीती वाटते असं मी मरेपर्यंत म्हणाले नसते. कल्याणच्या घरातून, नवऱ्याने टाकलेली म्हणून रोज ऐकावं लागायचं तिथून, सातवी आणि नर्सिंग करून मी एकटी इथवर आले होते. गावात माझा दरारा होता. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला मी छत्रीने झोडपलेलं लोकांनी पाहिलं होतं. "आमची नर्सबाय वाघाला बी भीत नाय," असं पाटील पाहुण्यांना सांगायचे आणि ते ऐकून मला बरं वाटायचं.

मग तू मोठी झालीस आणि प्रश्नच मिटला. तू पुढे, मी मागे. आखूड शेपटाचं ते बोंडूक हलवत तू करवंदीच्या जाळ्या हुंगत जायचीस. मला दिसेनाशी झालीस की मी हाक मारायची आणि तू यायची नाहीस. आपलं हे भांडण सात वर्षं चाललं. मी म्हणायची, सोबत म्हणजे बरोबर चालायचं असतं. तू म्हणायचीस, पुढे जाऊन बघून ठेवलंय ना, आता ये. ते कधी मिटलं नाही, आणि आता कळतं की बरोबर तुझंच होतं.

मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. शाळेची मुलं झेंडे घेऊन निघाली आणि मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे तू, कोणी बोलावलेलं नसताना. दवाखान्याची पाटी बदलली, डॉक्टर तीन बदलले. आपण दोघी तिथेच.

सुरुवातीला वाड्यांवर तुझ्यावरून कुरकुर होती. बाळंतिणीच्या दाराशी कुत्री नको, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. तुला अंगणात बसवलं तर तू पुन्हा येऊन दाराशी बसायचीस. पुढे त्याच म्हाताऱ्या म्हणायला लागल्या की पेंढी उठून अंग झाडते तेव्हा मूल येतं. मी त्यांना झापायची. असलं काही नसतं, तिला पिसवा झाल्या आहेत. पण खरं सांगते, शेवटी शेवटी मीसुद्धा अडलेल्या बाईचं पोट चाचपताना एक डोळा दाराकडे ठेवायची.

ठाकूरवाडीतली भागी तुला सगळ्यात आधी घरात घेणारी. भागी तिथली जुनी सुईण. माझ्याआधी त्या पाच-सहा वाड्यांची सगळी बाळंतपणं तिच्या हातची. शिक्षण नाही, सही नाही, पण हात विलक्षण. मी आले तेव्हा तिचा पाणउतारा करायची एकही संधी सोडली नाही. नाळ विळ्याने कापू नकोस, हात साबणाने धू, राख लावू नकोस. ती ऐकायची, हसायची, म्हणायची, "व्हय गो बाय, तुमी सांगाल तसं." आणि मी पाठ फिरवली की तुला भाकरीचा तुकडा घालायची. तू तिच्याकडे गेलीस की मला उगाच झोंबायचं.

तिच्याच वाडीत तुला मी मारलं होतं. आठवतं ना? आदल्या दिवशीच्या बाळंतपणाची पुरलेली वार कुत्र्याने उकरली म्हणून बोंब झाली. वार उकरली गेली की त्या घराला धसका बसतो, मूल जगेल की नाही असं वाटतं. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. माझी अब्रू गेली असं मला झालं आणि मी छत्रीच्या दांड्याने तुला तीनदा मारलं. तू पळाली नाहीस. जमिनीला पोट लावून पडून राहिलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी भागीने निरोप पाठवला की तो वाडीतलाच काळा कुत्रा होता, पोरांनी बघितला. मी त्या संध्याकाळी तुला मूठभर सुकट घातली. माफी मागायची मला तेवढीच रीत ठाऊक. तू सुकट खाल्लीस, मला वाटलं मिटलं.

मिटलं नव्हतं असं आता वाटतं. चूक झाली की कबूल न करता वर काहीतरी खायला घालायचं, ही खोड मला तिथेच लागली.

तुला पिल्लं झाली ती खूप उशिरा, सात वर्षांची झाल्यावर. चार झाली. तुझं बाळंतपण मी केलं नाही, तू मला जवळ येऊ दिलं नाहीस. दवाखान्याच्या मागच्या पडवीत, सरपणाच्या आड, स्वतःचं स्वतः उरकलंस. मी बाजूला बसून फक्त बघत होते आणि मला तुझा अभिमान वाटत होता.

पण पिल्लं झाली आणि तू माझ्याबरोबर येईनाशी झालीस. नदीपर्यंत यायचीस, थांबायचीस, मागे बघायचीस आणि वळून पळत सुटायचीस. त्या महिन्यात दोनदा मी खिंडीच्या अलीकडूनच माघारी आले, आणि कुणीतरी गडी सापडेपर्यंत ताटकळले. एकदा त्यामुळे पोचायला उशीर झाला. मूल वाचलं, पण वाचलं ते भागीमुळे. पिल्लं पाच आठवड्यांची झाली नाहीत तोच, बाजाराच्या दिवशी, मी ती चारही एकदमच वाटून टाकली. दोन मुरबाडकडच्या गाडीवानांना, एक शाळेच्या मास्तरांना, एक शेणव्याच्या कुणाला तरी. लोकांना सांगितलं, जागा लहान आहे. जागा लहान नव्हती, पेंढी. मला माझी सोबत परत हवी होती.

तू दोन दिवस पडवीत हुंगत फिरलीस. तुझे सड दुधाने टम्म झाले आणि दुधाच्या गाठी धरल्या. आता हे माझंच काम. बाळ दगावलेल्या आयांच्या छातीत अशा गाठी होतात, मी शेकडो उतरवल्या असतील. एरंडाचं पान गरम करून शेकलं, हलक्या हाताने चोळलं, आणि दूध आटावं म्हणून मास्तरांच्या दारातला मोगरा आणून जुन्या लुगड्याच्या पट्टीत घालून तुझ्या पोटाला बांधला. बायकांना बांधतो तसाच. तू ती पट्टी बांधून बाजारातून ऐटीत चाललीस आणि सगळा बाजार हसला. "नर्सबाय, पेंढीचं लगीन हाय का आज?" मीही हसले. चार दिवसांत गाठी विरघळल्या.

एक सोडून. मागच्या डाव्या सडाजवळची, करवंदाएवढी.

ती मी पहिल्यांदा नीट चाचपली ती भागीच्या अंगणात. तू पाठीवर पडून पाय वर करून ऊन खात होतीस. भागी शेजारी बसून वरई पाखडत होती. मी बोटं लावली, आणि नंतर म्हणाले, "एक दुधाची गाठ राहिली बघ. हटवादी आहे." भागीने सूप खाली ठेवलं, तिनेही बोट लावलं, आणि बराच वेळ लावून ठेवलं.

"बाय, ही दुधाची नाय गो," ती म्हणाली. "दुधाची बोटाखाली सरकते, नरम पडते. ही खड्यावानी हाय. आत मूळ धरलंय हिनं."

"मला शिकवू नकोस भागी."

"मी कुटं शिकवते? हात लावला, सांगितलं. शापूरला गुरांचा डाक्टर हाय, त्याला दावा."

"अगं, माणसांच्या गाठी मी उतरवते आणि कुत्रीची मला कळत नाही?"

तिने सूप उचललं. पुन्हा वरई पाखडू लागली.

महिनाभराने तो गुरांचा डॉक्टर गावात आला होता, बैलांना टोचायला. तरुण, सज्जन माणूस. तू त्याच्या पायाशी घोटाळलीस, त्याने सहज वाकून तुझं पोट बघितलं आणि मला बाजूला बोलावलं. "बाई, ही गाठ काढून टाकलेली बरी. लहान आहे तोवर सोपं आहे. सोमवारी शहापूरला आणून सोडा. टाके सुकेपर्यंत आठ-दहा दिवस ठेवावी लागेल, आणि पुढे महिनाभर तिला चालवायचं नाही." मी म्हणाले, "दुधाची गाठ आहे डॉक्टर. मोगरा बांधतेय, जाईल." तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "तुम्ही नर्स आहात, तुम्हाला जास्त कळतं." आणि पुढच्या गोठ्यात गेला.

इथे मला थांबायला हवं, पेंढी, कारण गावाला मी जे सांगते ते इथपर्यंतच आहे. नर्सबाईला दुधाची वाटली, चुकली बिचारी. पण मी चुकले नव्हते. भागीच्या अंगणात पहिल्यांदा बोट लावलं तेव्हाच मला कळलं होतं. माझी बोटं खोटं बोलत नाहीत, ती त्या गाठीवर गेली आणि थांबली. दुधाची गाठ कशी लागते हे मला झोपेतही सांगता येईल आणि ही तशी लागली नाही. कल्याणच्या इस्पितळात शिकताना एका बाईच्या छातीत अशीच कडक गाठ मी चाचपली होती आणि ती बाई वर्षभरात गेली. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ आलं ते हे, की पेंढीला कापायला नेलं तर खिंडीतून माझ्याबरोबर कोण येईल?

पुढचे महिने ती गाठ मी शेकत राहिले आणि तुला चालवत राहिले. त्या हिवाळ्यात बाळंतपणं खूप होती. ठाकूरवाडी, त्याच्या वरची वाडी, नदीपलीकडची. करवंदाची गाठ लिंबाएवढी झाली, शेजारी दुसरी आली. तू पुढे पळायचं बंद केलंस. माझ्या बरोबरीने चालायला लागलीस, आणि मी, काय सांगू, मी खूश झाले. म्हटलं, म्हातारपणी का होईना ऐकायला लागली. तुला दुखत होतं म्हणून तू सावकाश चालत होतीस, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होते, शहाणी माझी ती.

उन्हाळ्याच्या तोंडाला, शेतात राब भाजायच्या दिवसांत गाठ फुटली. मग मी तुला बैलगाडीत घालून शहापूरला नेलं. तोच डॉक्टर होता. त्याने बघितलं, हात धुतले, आणि मला बसायला सांगितलं. म्हणाला, कॅन्सर आहे, आत पसरलाय, आता कापण्यात अर्थ नाही. मला एक शब्दही लावून बोलला नाही. उलट म्हणाला, "बाई, मीच त्या वेळी आग्रह धरायला हवा होता." तो माणूस माझ्या पापाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेत होता आणि मी ते घेऊ दिलं. गाडीत येताना तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस. वासाने गाडीवानाने नाकाला पंचा लावला होता. मी नाही लावला. तेवढी किळस तरी मी दाखवली नाही.

शेवटचे पंधरा दिवस मी तुझं सगळं केलं, हे खरं आहे. जखम धुतली, माश्या वारल्या, चमच्याने पेज घातली. गाव बघतं ते हेच. पण ही सगळी सेवा म्हणजे ती मूठभर सुकटच होती, फक्त पंधरा दिवस पुरवलेली. आणि तू ती घेतलीस. एकदाही गुरगुरली नाहीस. जखमेला हात लागला की तू माझं मनगट दातांत धरायचीस, चावायची नाहीस, नुसतं धरून ठेवायचीस. शेवटच्या दिवशी दुपारी कोणीतरी दवाखान्याच्या दारात येऊन "बाय, चला" म्हणालं, नदीपलीकडचं होतं, तर तू उठलीस. कशी उठलीस देव जाणे. कुंपणापर्यंत माझ्या पुढे चालत गेलीस, तिथे बसलीस, आणि बसल्या जागी आडवी झालीस. मी बोलवायला आलेल्याला पुढे पाठवलं आणि तुझ्याजवळ बसले. फार वेळ लागला नाही.

भागी दुसऱ्या दिवशी मोळी घेऊन बाजारात आली तशी दवाखान्यात आली. पळसाखाली तुला ठेवलंय तिथे जाऊन उभी राहिली. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "जाऊ द्या, बाय. तुमाला दुधाची वाटली. मानसाकडून व्हतं." मी मान डोलावली. जिने सांगितलं होतं तिच्यासमोरही मान डोलावली.

गेल्या मंगळवारी ठाकूरवाडीचा माणूस आला. भागीच्या पुतणीचे दिवस भरले होते, कळा लागल्या होत्या, मूल आडवं वाटत होतं. तो निरोप सांगून तसाच पुढे आटगावला पळाला, तिच्या नवऱ्याला वखारीतून आणायला. दवाखान्यात मी एकटी. गडी शोधायला वेळ नव्हता. मी पिशवी घेतली, छत्री घेतली आणि निघाले. नदी ओलांडली. खिंडीच्या तोंडाशी तर मी तुला हाक मारली, मोठ्याने, सवयीने. मग दोन कातळांमधून गेले. मी घामाने भिजले होते, पण पलीकडे निघाले होते.

मूल फिरवावं लागलं. मी आणि भागीने मिळून फिरवलं, माझा हात बाहेरून, तिचाही बाहेरून, एकमेकींशी न बोलता. मुलगी झाली. रडली. सगळं उरकल्यावर आम्ही दोघी अंगणात हात धुवायला बसलो. भागी माझ्या साबणाने धूत होती. तिने सहज वाटेकडे बघितलं.

"कोन आलं संगती, बाय?"

"कोणी नाही."

तिने साबण माझ्याकडे सरकवला. मी म्हणाले, "भागी, ती दुधाची नाही हे मला तेव्हाच कळलं होतं."

"ठाव हाय मला."

"कसं?"

"तुमचा हात थांबला हुता. तुमचा हात कदी थांबत नाय. मी बगितला ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की गो," भागी म्हणाली. "तुमी आयकलं नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, थांबा, पोरं हायेत, कोनाला तरी धाडते तुमच्यासंगती. मी म्हणाले, नको.

परत येताना खिंडीत मी मुद्दाम थांबले. पिशवी खाली ठेवली, दोन कातळांच्या मध्ये उभी राहिले आणि चारी बाजूंना नीट बघून घेतलं. करवंदीच्या जाळ्या होत्या, एक होला घुमत होता, खाली नदीवर कुणाची तरी म्हैस बसली होती. बराच वेळ उभी होते. कोणी आलं नाही. मग पिशवी उचलून, घाई न करता, घरी आले.

त्यानंतर आणखी दोनदा गेले, एकदा तर दिवस कलल्यावर. एकटीच गेले आणि एकटीच आले. जमलं मला, पेंढी. तेव्हाही जमलं असतं.